हातावरची पिशवी

पिशवीत पाणी भरायचं, तोंड बंद करायचं, चकती स्वतःच्या हातावर चिकटवायची आणि हात गदागदा हलवायचा. एवढंच तिचं प्रात्यक्षिक. शेवटी ती सिस्टरांच्या टेबलावर हात आपटायची. पाण्याचा थेंबही बाहेर यायचा नाही. नव्या नर्स मुली दचकायच्या, जुन्या हसायच्या, आणि वॉर्डाच्या त्या टोकाकडून कुणीतरी म्हणायचं, "पिशवीवाली आली वाटतं. टेबल शाबूत आहे का बघा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आतड्याचा आजार झाला की कधीकधी सर्जन आतड्याचं टोक पोटावर काढून ठेवतो. लाल, ओलं, बटणाएवढं तोंड. त्याला वेळकाळ कळत नाही आणि लाजही नसते. त्यातून जे यायचं ते येतं. ते झेलायला पोटावर आधी चकती चिकटवायची आणि चकतीला पिशवी अडकवायची. सभ्य घरांत हा विषय जेवताना काढत नाहीत, जेवण झाल्यावरही काढत नाहीत, आणि ज्याच्या पोटावर पिशवी असते तो हळूहळू कुठलाच विषय काढेनासा होतो.

तिच्या स्वतःच्या पोटावर पिशवी होती. वॉर्डात हे कुणाला माहीत नव्हतं. आणि अजून एक गोष्ट होती, जी कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हती. हातावर ती ज्या कंपनीचा माल विकायची तिची पिशवी लावायची. पोटावर दुसऱ्या कंपनीची.

कारण साधं होतं. तिच्या पोटावरचं तोंड बाहेर आलेलं नव्हतं, आत रुतलेलं होतं. तिच्या कंपनीची चकती सपाट. रुतलेल्या तोंडावर ती बसायची नाही, खालची कड सुटायची आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. दुसऱ्या कंपनीची चकती मधे फुगीर होती. ती भोवतालची कातडी दाबून धरायची, तोंड वर यायचं, कपडे वाचायचे. हाताला भोक नसतं. हातावर कुठलीही चकती चिकटते.

कंपनीत तिने एकदा विचारलं होतं, आपण फुगीर चकती कधी काढणार. "रुतलेले असतात किती?" असं उत्तर आलं. "बाजार लहान आहे." ज्याचं पोट आहे त्याच्यासाठी तो बाजार केवढा असतो, हे विचारायचं तिने टाळलं. मग ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथून दुसऱ्या कंपनीचे खोके आणायला लागली. चोरून दारू आणावी तशी. रिकाम्या खोक्यांचे बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकायची.

कामाच्या बाबतीत ती चिवट होती. खोकल्याच्या औषधांपासून सुरुवात केली. ती कंपनी विकली गेली तेव्हा हातमोजे आणि सलाइन विकलं. तिथला साहेब जेवायला चला म्हणाला, तेव्हा जेवण आणि नोकरी दोन्ही नाकारलं. डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून आयुष्य कसं काढायचं हे तिला येत होतं: चेहरा हसरा, बूट स्वच्छ, आणि आत बोलावलं की जेमतेम मिनिटभरात सगळं सांगून बाहेर. मग तिसरी नोकरी धरली आणि आजार आला. ती खाटेवर असताना तिचा एरिया एका तरण्या पोराला दिला गेला. नवरा चांगला माणूस होता, असं सगळे म्हणतात. हॉस्पिटलात रोज यायचा. ती घरी आल्यावर तो दुसऱ्या खोलीत झोपायला लागला, आणि नंतर दुसऱ्या गावात.

हल्ली सभांमधून लवचिकतेबद्दल फार बोलतात. पडलात तर उठा, वाका पण मोडू नका. बोलणारे बहुतेक कधी पडलेले नसतात. त्यांना कुणीतरी आयतं उचलून व्यासपीठावर ठेवलेलं असतं. ती उठली ते लवचिक म्हणून नव्हे. घरभाडं भरायचं होतं आणि दिवसभर भिंतीकडे बघवत नव्हतं, म्हणून.

पिशव्यांच्या कंपनीत मुलाखत घेणारा आधीच ओशाळून बोलला होता. "हा विभाग सहसा कुणालाच नको असतो."

"मला हवाय," ती म्हणाली. का ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

*

विभागाचे साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान होते. ऑफिसात त्यांना मागून स्लाइडराव म्हणत, कारण त्यांना पडद्यावर स्लाइड असल्याशिवाय बोलता यायचं नाही. शिपायाला चहा सांगतानासुद्धा ते हाताने चौकोन काढायचे. त्या शुक्रवारी त्यांनी केबिनचं दार स्वतः लावलं, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी आहे.

"बसा ना मॅडम. कॉफी घेणार?"

"काय झालं, सर?"

"काही नाही. चांगलंच आहे. तुमच्या विम्याचे कागद सहीला आले होते माझ्याकडे. मला कल्पनाच नव्हती."

तिचा हात आपसूक पोटाकडे गेला. तिने तो परत आणून मांडीवर ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही स्वतः... आणि कुणाजवळ बोलला नाहीत. मॅडम, ही स्टोरी आहे. खरी स्टोरी. सोमवारच्या सभेला सगळे सर्जन येणारेत, सगळ्या इन्चार्ज सिस्टर येणारेत. माझ्या सगळ्या स्लाइड एकीकडे आणि तुमची पाच मिनिटं एकीकडे. फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, मी जी विकते तीच लावते. संपलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणाल?" ते खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला म्हणून सांगतो. सभा झाली की आपला विभाग मलमपट्टीच्या विभागात जातोय. आपल्यातलं एकच माणूस राहणार, प्रमुख म्हणून. मला वर तुमचं नाव द्यायचंय. पण वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं."

"पोट?"

ते जरा उशिरा हसले. "तुमचा विनोद भारी असतो, मॅडम. आणि हो, ती तुमची शनिवारची संस्था. तिचंही नाव घ्या. मागे पडद्यावर त्यांचं चिन्ह टाकू. त्यांनाही बरं."

"ते कंपन्यांना आत घेत नाहीत."

"आपण कंपनी कुठे आहोत? आपण कुटुंब."

कुटुंबाचा तिला अनुभव होता. "विचार करून सांगते," असं म्हणून ती उठली.

संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. फोन वहिनीने घेतला.

"काय गं, बरी आहेस ना? जेवलीस?"

"जेवले," ती म्हणाली. जेवली नव्हती. "दादा आहे का?"

"आहे ना. अगं, रविवारी ये म्हणणार होते, पण पाहुणे आहेत. म्हणजे तू ये, तसं काही नाही. पण तुलाच अवघडल्यासारखं होईल."

वहिनी वाईट नव्हती. मागच्या वेळी ती भावाकडे राहून गेली तेव्हा तिची पाठ वळताच घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या गेल्या. तो आवाज तिने जिन्यात ऐकला होता, एवढंच.

दादाने फोन घेतला. तिने सभेचं सांगितलं, अर्धंच सांगितलं, खोट्याचा भाग गाळून. दादा म्हणाला, "मग बोल ना. त्यात काय एवढं? नोकरी टिकव, बाई. या वयात, असं असताना, कोण घेणार तुला?"

असं असताना म्हणजे कसं असताना, ते त्याने सांगितलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून पिशवी हा शब्द आला नव्हता. फोन ठेवल्यावर तिने उभ्याउभ्या दोन बिस्किटं खाल्ली आणि पिशवी लवकर भरू नये म्हणून तिसरं परत डब्यात टाकलं.

*

शनिवारची संस्था म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानामागची खोली, एक किटली आणि पोटावर पिशवी असलेली मूठभर माणसं. नुकतं ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाऊन बसायचं, एवढंच काम. औषध द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही. समोरच्याला दाखवायचं की हा बघा एक माणूस, पिशवीसकट चालतोय, बसतोय, चहा पितोय. शेवटी त्याने विचारलंच तर शर्ट वर करून पोट दाखवायचं. निम्मी माणसं तेवढ्यानेच रडून मोकळी व्हायची.

नियम काकांचे होते. ज्याला पिशवी आहे त्यानेच जायचं. रिकाम्या हाताने जायचं. कुठल्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही. पूर्वी एक कंपनी फुकट माल वाटून गेली होती, लोकांना सवय लागली आणि मग फुकट बंद झालं. तेव्हापासून तिची सॅम्पलांची काळी बॅग काकांच्या खुर्चीवर राहायची आणि ती हात हलवत जायची. आणखी एक नियम होता, तो कुणी बोलून दाखवत नसे. बरा झालेला माणूस रस्त्यात भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर ठीक. बहुतेक दाखवत नाहीत. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात घाण दिवस आपण पाहिलेले असतात.

"ये. बोचकं टाक खुर्चीवर," काका म्हणाले. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. "आज एक हेडबाई आहेत. शाळा गाजवलेली बाई. घरी आल्यापासून खोलीबाहेर पडलेल्या नाहीत. जेवण सोडलंय. सून फोनवर रडत होती."

"जेवण का सोडलं?"

"विचारतेस काय? तू नव्हतं सोडलंस?" मग त्यांनी टाचण्या काढल्या आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं काय झालंय? चेहरा उसवल्यासारखा दिसतोय."

"काही नाही, काका."

"बरं. काही नाही तर काही नाही."

हेडबाईंचं घर वरच्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता, फार वेळा हात धुतलेल्या माणसाला येतो तसा. तिने पाहुणीकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, काहीतरी आठवायचा प्रयत्न केला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

खोलीत पडदा ओढलेला होता. हेडबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेला टॉवेल. आवाज मात्र अजून शाळेतलाच.

"या. बसा. तिथे नको, लांब."

ती जवळच्या स्टुलावर बसली.

"लांब म्हटलं मी."

"ऐकलं. मला वास येत नाही, बाई. माझं नाक केव्हाच मेलंय."

"दया करायला आलात?"

"नाही. शनिवारी मला दुसरं काही काम नसतं."

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. हे उत्तर खरं होतं, आणि खरं उत्तर त्यांना ओळखता येत असावं.

"काय खाता?"

"पाणी. अर्धं बिस्किट. खाल्लं की भरते, भरली की सुटते. कितीही नीट लावा, खालून सुटतेच." त्यांनी टॉवेल घट्ट धरला. "जन्मभर पोरांना सांगितलं, हात वर केल्याशिवाय बाहेर जायचं नाही. आणि आता हे बघा. हे विचारत नाही कुणाला."

ती हसली. बाई हसल्या नाहीत, पण टॉवेलवरची पकड जरा सैल झाली.

"काय खावंसं वाटतं?"

"कणीस. भाजलेलं, मीठ लावून. रस्त्यात उभं राहून."

"कणीस एवढ्यात नको."

"बघा. म्हणूनच मला कुणी भेटायला आलेलं आवडत नाही."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. ट्रे हातातच ठेवून ती म्हणाली, "तुम्हीच ना त्या? हॉस्पिटलात. हातावर पाण्याची पिशवी लावून टेबलावर आपटत होतात. आईंचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात."

बाईंची मान वळली. "म्हणजे विकायला आलात."

"नाही. तिथे विकते. इथे नुसती येते."

"फरक काय?"

"तिथे हात दाखवते," ती म्हणाली, "इथे पोट." आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिने शर्टाची दोन बटणं काढून कापड बाजूला केलं.

आणि तिथेच चुकली. कुठल्याही घरात तिला कंपनीची बाई म्हणून कुणी ओळखलेलं नव्हतं. वॉर्ड वेगळा, शनिवार वेगळा. या खोलीत दोन्ही एकाच वेळी येऊन बसले, हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर उशीर झाला. सून मात्र रोज सासूची पिशवी बदलत होती. तिला पाहायला क्षणभरही लागला नाही.

"ही वेगळी आहे," सून म्हणाली. "हिची कड जाड आहे. आईंना दिली ती ही नाही."

बाईंनी चष्मा घातला, पुढे वाकून तिच्या पोटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"मला दिली ती तुम्ही विकता. स्वतः लावता ती दुसरी. का?"

खोटं तयार होतं. विकणाऱ्याच्या तोंडात ते नेहमीच तयार असतं: ही जुनी आहे, उरली होती म्हणून संपवतेय. अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंच्या मांडीवरच्या टॉवेलला खालच्या कडेला ओल होती आणि बाई ती तळहाताने झाकून बसल्या होत्या.

"तुमचं तोंड आत रुतलंय का?" तिने विचारलं. "मला दाखवाल?"

बाईंनी दाखवलं. अगदी तिच्यासारखंच. खालची कड सुटलेली, कातडी सोलवटलेली, लाल.

"माझंही असंच आहे. आमची चकती सपाट आहे. ती ह्याला बसत नाही. खालून सुटणारच. तुमची चूक नाही. सूनबाईंचीही नाही."

सून ट्रेसकट पलंगावर बसली. "मला वाटायचं मलाच लावता येत नाही," ती म्हणाली. "आणि आईंना वाटायचं मी हयगय करते."

"कधी म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीत. पण वाटायचं."

बाई पुन्हा पाहुणीकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"सिस्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"माझी नोकरी आहे ती."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उत्तर चुकलं म्हणून मी कधी कुणावर हात उचलला नाही. येत असून गप्प बसलेल्याला मात्र सोडलं नाही."

पर्समध्ये तिची स्वतःची जादा चकती आणि पिशवी असायची. त्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. तिने ती काढली. सुनेकडून कात्री मागितली, मापाने भोक कापलं. कातडी कोमट पाण्याने टिपून कोरडी केली. चकती दोन तळव्यांमध्ये धरून ऊब दिली, कारण गार चकती नीट चिकटत नाही. मग ती लावली आणि वर तळहात दाबून धरला. थोडा वेळ तसंच धरावं लागतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, "येऊ दे, येऊ दे" चाललं होतं. कुणाच्या अंगावर हात ठेवून इतका वेळ आपण शेवटचं कधी बसलो होतो, हे तिने आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"हात गरम आहेत तुमचे," बाई म्हणाल्या.

निघताना सुनेने दारात त्या दुसऱ्या कंपनीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. दुकानही सांगितलं.

काका दुकानाची दारं लावत होते. "काका, मी नियम मोडले," ती म्हणाली. "सामान दिलं. नावही सांगितलं." मग तिथेच पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं, सोमवारसकट. आयुष्यात पहिल्यांदा, कुठलाही भाग न गाळता.

काकांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. "मग सोमवारी काय करणार?"

"नोकरी गेली तर पुन्हा बाकावर बसायचं अंगात राहिलेलं नाही, काका."

"तू काय करणार, ते विचारलं मी."

"माहीत नाही."

"नोकरी गेली तर बटणं लावायला ये माझ्याकडे. पगार नाही. चहा आहे."

रविवारभर ती घरात होती. वहिनीकडे पाहुणे असतील, हसत असतील. तिने आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणून पाहिलं: मी जी विकते तीच लावते. वाक्य सोपं होतं. आवाजही छान लागत होता. तिसऱ्यांदा तिने म्हटलं नाही.

*

सभेचा हॉल मोठा होता आणि थंड. पडद्यामागे जेवणाची मांडामांड चालली होती, चमचे वाजत होते. स्लाइडरावांच्या स्लाइड लांबल्या होत्या. तिची वेळ आली तेव्हा पुढच्या रांगेतले सर्जन मोबाइल बघत होते आणि मागच्या रांगेतल्या सिस्टर चपला चाचपत होत्या.

ती वर गेली. पिशवीत पाणी भरलं, हातावर लावली, टेबलावर हात आपटला. समोर थोडं हसू उमटलं. मग ती बोलली.

"ही पिशवी चांगली आहे. ज्याचं तोंड बाहेर आलेलं आहे त्याला ही बसते, वर्षानुवर्षं बसते. ज्याचं आत रुतलेलं आहे त्याला ही बसत नाही. खालून सुटते. अशा माणसाला फुगीर चकती लागते. ती आमच्याकडे नाही. मला हे माहीत आहे, कारण माझ्या पोटावर पिशवी आहे आणि ती आमची नाही. तुमच्या वॉर्डातून रुतलेलं तोंड घेऊन कुणी घरी जात असेल तर त्याला ही देऊ नका. तो जेवण सोडतो. आणि त्याच्या घरच्यांना वाटतं त्यांनाच लावता येत नाही."

तिला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, कुणीतरी ओरडेल, निदान शांतता पसरेल. काहीच झालं नाही. मघापासून सगळ्यांसाठी वाजल्या तशाच टाळ्या वाजल्या, कारण ती बोलायची थांबली होती. एक सर्जन शेजाऱ्याला विचारत होता, जेवण याच मजल्यावर आहे ना. आयुष्यातलं सगळ्यात महाग वाक्य तिने बोलून टाकलं होतं आणि लोक ताटं घ्यायला उठले होते.

ज्याने ऐकायला नको होतं त्याने मात्र शब्दन्‌शब्द ऐकला होता. स्लाइडरावांनी तिला खांबाआड गाठलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, हे काय केलंत?"

"तुम्हाला खरी स्टोरी हवी होती."

"खरी म्हणजे... अशी नको होती." त्यांना पुढे बोलता येईना. मागे पडदा नव्हता.

हात धुवायच्या बेसिनपाशी एक इन्चार्ज सिस्टर तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तीच, जिच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं हात आपटत आली होती. सिस्टरने नळ बंद केला, आजूबाजूला पाहिलं.

"ती दुसरी कुठे मिळते?"

तिने सांगितलं.

"आमच्याकडे दोघं आहेत तसे," सिस्टर म्हणाली. "एक तर रोज भांडतो बायकोशी." मग तिने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि पटकन नजर वर घेतली. "इतकी वर्षं येता. आम्ही तुम्हाला काय काय म्हणायचो."

"म्हणा की. टेबल तर माझ्यामुळेच हलतं ना तुमचं."

सिस्टर हसली आणि जेवायला गेली. तिला कुणी बोलावलं नाही, आणि ती अशा ठिकाणी जेवतही नसे. काळी बॅग उचलून ती जिन्याने खाली उतरली.

विभाग मलमपट्टीत गेला. प्रमुख म्हणून मलमपट्टीचाच एक माणूस राहिला. तिला काढलं असं कुणी म्हणालं नाही. जागा उरली नाही, असं म्हणाले. दादा फोनवर म्हणाला, "मी सांगत होतो." वहिनीने मागून विचारलं, "जेवली का विचारा." त्या एका वॉर्डात सिस्टर दोन्ही तऱ्हेच्या पिशव्या ठेवायला लागली. दुसऱ्या वॉर्डांत काही बदललं नाही.

मग ती पुन्हा बाकांवर बसली. कुठे वय नडलं, कुठे आजाराचं नाव काढताच पुढचे प्रश्न संपले. शिरा फुगलेल्या लोकांसाठी पायांचे घट्ट मोजे विकणाऱ्या एका लहान कंपनीत मालकानेच विचारलं, "तब्येत?"

"पोटावर पिशवी आहे. मधूनमधून बाथरूम लागतं. बाकी ठीक."

"आमच्या कामात जिने फार आहेत."

"जिने येतात मला."

त्याने थोडा विचार केला. "मोजे तुम्ही स्वतः घालणार?"

"माझ्या शिरा चांगल्या आहेत," ती म्हणाली. "आणि मी तसंच सांगेन."

तो हसला की नाही ते कळलं नाही, पण नोकरी दिली.

दरम्यान हेडबाईंकडे ती आणखी दोन शनिवार गेली. दुसऱ्या वेळी पडदा उघडा होता आणि बाई भात खात होत्या. तिसऱ्या शनिवारी काकांनी सांगितलं, तिथे जायची गरज नाही, सुनेचा फोन होता. "बरं वाटतंय म्हणाली. आता नको म्हणाली." ती बरं म्हणाली. हे असंच व्हायला हवं असतं. त्यासाठीच तर जायचं असतं. काकांनी तिला चहा दिला आणि दुसरा पत्ता दिला.

मग एका दुपारी, मोज्यांची नवी बॅग घेऊन ती दवाखान्यांच्या रस्त्याने चालली होती. नाक्यावर कणसांची गाडी होती. धूर, ठिणग्या आणि भोवती चार-पाच वयस्क बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, शिक्षिका बोलतात तसं, एकमेकींना मधेच थांबवत. त्यांच्यात हेडबाई होत्या. उभ्या होत्या, ताठ, आणि कणीस खात होत्या. दाणे काढून नाही, सरळ दातांनी.

तिचं पाऊल थांबलं. बाईंनी मान वर केली. नजर बरोबर तिच्यावर पडली आणि तिथेच थांबली, एखादं नाव आठवतंय पण हजेरी घ्यायची नाही, अशी. मग बाई मैत्रिणीकडे वळल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. हसता हसता बाईंनी पुन्हा कणसाचा चावा घेतला.

ती पुढे चालायला लागली. पहिल्याच दवाखान्यात जिना चढायचा होता. वर बाकावर टायवाले तीन तरुण बसले होते, मांडीवर बॅगा, चेहरे हसरे. एकाने सरकून जागा दिली.

"मॅडम, या लाइनीत नवीन?"

"हो," ती म्हणाली आणि बसली.